खोलीला आतून कडी हवी

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या आमच्या छोट्या शहरात बेघर कुटुंबांसाठी एक निवारागृह आहे. ते आता अपुरं पडतंय, म्हणून इमारतीला जोडून नव्या खोल्या बांधायला महापालिका अनुदान मागणार आहे. पैसा 1974 च्या केंद्रीय कायद्यातून सुरू झालेल्या निधीतला. छोट्या शहरांना तो राज्यामार्फत मिळतो. त्यासाठी अर्ज पाठवण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. मीही गेले होते.

आपल्या इंदूरला मंगळवारच्या जनसुनवाईत माणूस स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन जातो. इथे पैसा मागण्याआधीच, तो कशावर खर्च व्हावा, हे लोकांना विचारतात. मला ही पद्धत फार आवडली.

सगळ्यात नेमका प्रश्न एका निवृत्त नर्सबाईंनी विचारला. "खोल्या बांधाल हो, पण रात्रपाळीच्या माणसांचा पगार कुठून देणार?" या निधीतून बांधकाम करता येतं, पण कर्मचारी, समुपदेशन, पाळणाघर अशा सेवांवरच्या खर्चाला 15 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे इमारत उभी राहायची आणि चालवायला माणसंच नाहीत, असं होऊ शकतं. काही चर्च आणि जिल्हा प्रशासन भार उचलतील, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. लेखी मात्र अजून काही नाही. अर्ज जाण्याआधी ते लेखी यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

गरज किती आहे? जानेवारी 2024 मध्ये एका रात्री झालेल्या देशव्यापी मोजणीत 7,71,480 माणसं बेघर आढळली. मुलंबाळं असलेल्या कुटुंबांतल्या बेघरांची संख्या एका वर्षात 39 टक्क्यांनी वाढली होती. घरभाडी परवडेनाशी झाली, हे त्यामागचं मोठं कारण.

या निवारागृहात मी शनिवारी स्वयंपाकाला मदत करते, त्यामुळे आतून पाहिलंय. एका खोलीत दोन दुमजली पलंग, खिडकीखाली मुलांची दप्तरं, दारामागे वाळत घातलेले ओले कोट. आणि दाराला आतून कडी. पूर्वी अनेक ठिकाणी आईबरोबर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असला की तिला प्रवेशच मिळायचा नाही, नाहीतर मुलाला पुरुषांच्या विभागात पाठवायचे. घाबरलेल्या पोराला त्या वयात आईपासून तोडायचं! आता केंद्राचा निवाऱ्यांसाठीचा निधी घेणाऱ्या संस्थेला, ती कुटुंबांना ठेवत असेल तर, अठरा वर्षांखालच्या मुलाचं वय दाखवून कुटुंबाला परत पाठवता येत नाही. शिवाय 1987 च्या कायद्याचा आधार आहेच: बेघर मुलाला आपली जुनी शाळा सोडावी लागत नाही, आणि येण्याजाण्याची सोय स्थानिक शिक्षण खात्याला करावी लागते.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगत होते. ती इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. म्हणाली, "अगं, एमवाय हॉस्पिटलच्या बाहेर बघ ना. झाबुआ-अलीराजपूरची माणसं पेशंटपायी दिवसच्या दिवस पडून असतात. नवरा एका हॉलमध्ये आणि बायको-पोरं दुसऱ्यात, असं म्हटल्यावर रात्रीच्या मुक्कामाच्या रैनबसेऱ्यात कोण जाईल?"

आत्याचं अगदी बरोबर आहे. कागदावर आपल्याकडेही नियम चांगले होते. 2013 पासून राबवलेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचं कायमस्वरूपी आश्रयस्थळ, माणशी 50 चौरस फूट जागा, कुटुंबांसाठी वेगळी रचना, हे सगळं लिहिलेलं होतं. आणि तरी जानेवारी 2021 मध्ये इंदूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी बेघर म्हाताऱ्यांना गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवलं. गावकऱ्यांनी अडवलं, म्हणून त्यांना परत गाडीत बसवलं. तो व्हिडिओ पाहताना मला रडू आवरलं नाही. स्वच्छतेत देशात अनेकदा पहिलं आलेलं आपलं शहर, त्यात या माणसांना जागा असू नये?

तेव्हा इंदूरकरांनो, पुढच्या वेळी तुमचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, भेटले की एवढं विचारा: आपल्या भागातल्या रैनबसेऱ्यात नवरा-बायको-मुलांना एकत्र राहता येईल अशी, आतून कडी लावता येणारी एक तरी खोली आहे का? नसेल तर कधी होणार, आणि ती सांभाळणाऱ्याचा पगार कोण देणार?

इथली दुसरी सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. पाळणाघराचा खर्च कुठून येणार, हे मी विचारणार आहे. कामावर जाणाऱ्या आईने तान्हं मूल कुणापाशी ठेवायचं, यावर पहिल्या सुनावणीत कुणीच बोललं नाही.