कोपरे कधी काळे, कधी गोरे

गेले तीन आठवडे डोक्याचं पार भुस्काट झालं होतं. 70-200 झूम लेन्स (70 ला जवळचं, 200 ला लांबचं टिपणारी), सेकंडहँड घेतलेली, पण काच एकदम स्वच्छ, आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचचे फोटो मारून घरी आलो की हजारभर फोटोंतल्या पन्नास-साठ फोटोंचे कोपरे काळे. सगळ्यांचे नाही. आधीची फ्रेम झकास, पुढची झकास, मधलीच्या कोपऱ्यात अंधार. सारखंच काळं येत असतं तर लेन्स विकून मोकळा झालो असतो, पण हे येतंय-जातंय म्हटल्यावर झोप लागंना.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे टाइमपास नव्हे. इथं तालमींच्या टीम आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि पेठेतली आजीसुद्धा ऑफसाइड होता का नव्हता यावर भांडते. इथलाच अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला. त्यामुळं मॅच झाल्या झाल्या पोरांचे मेसेज चालू, भावा फोटो टाक, स्टेटसला ठेवायचाय. आणि त्यातलाच एक मला म्हणतो, "कोपऱ्यात शाई सांडलीस काय रं?"

दुकानात दाखवली तर तिथल्या माणसानं लेन्स दोनदा हलवली, कानाजवळ धरली (का ते त्यालाच माहीत) आणि म्हणाला आतलं एलिमेंट, म्हणजे आतली एक काच, सरकलंय, उघडावी लागंल. खर्चाचा आकडा ऐकून मी म्हटलं थांबा, आधी मीच बघतो.

मग एका रविवारी बसलो आणि सगळे खराब फोटो वेगळे काढून त्यांचा एक्झिफ बघितला, म्हणजे कॅमेरा फोटोसोबत नोंदवतो ती माहिती, फोकल लेंग्थ (झूम) किती, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) किती, वेळ काय. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं पण आपण आधी घाबरतो आणि मग डोकं चालवतो. तर त्यात दिसलं की खराब फोटो दोन जातीचे आहेत. मी इतके दिवस एकच रोग समजून औषध शोधत होतो आणि इथं दोन रोग एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेले.

पहिली जात: सगळे फोटो 70 ते 85 च्या आसपासचे. 200 ला एकही नाही. म्हणजे बॉल लांब असला की फोटो साफ, आणि माझ्या बाजूच्या गोलजवळ आला, मी झूम मागं घेतला, की काळं. पण चारही कोपरे नाही हं, फक्त वरचा उजवा आणि खालचा डावा, समोरासमोरचे दोनच. आणि f/8 ला (f खालचा आकडा मोठा, तेवढं अपर्चर बारीक) तर ते काळं जाण्याऐवजी आणखी ठळक, जवळजवळ कडा दिसावी इतकं. इथं माझी ट्यूब पेटली. लेन्सचं स्वतःचं जे व्हिग्नेटिंग, म्हणजे कोपरे काळवंडणं, असतं ते अपर्चर दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्या, बंद केलं की बहुतेक निघून जातं. बंद करूनही जात नाही आणि उलट धारदार होतंय म्हणजे लेन्सच्या समोर काहीतरी आडवं येतंय.

आडवं येत होता हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला बसवायचं उजेड अडवणारं टोपण. पाकळ्यांचा हूड असतो ना, वरखाली लांब पाकळ्या, बाजूला आखूड, कोपऱ्यांना जागा मोकळी, कारण फ्रेम आडवी चौकोनी. तो जरासा फिरला की वरची लांब पाकळी एका कोपऱ्यात आणि खालची बरोब्बर तिच्या समोरच्या कोपऱ्यात घुसते. माझ्या हूडचं लॉक झिजलंय. गोललाइनमागं मांडी घालून बसायचं, लेन्स खाली टेकवायची, बॉल आला की झटक्यात उचलायची, त्या टेकवण्या-उचलण्यात तो थोडा फिरायचा, आणि पुढच्या वेळी टेकवला की परत जागेवर. म्हणून येतंय-जातंय. लेन्स बिचारी निर्दोष.

खात्री करायला गच्चीवर गेलो. ढगाळ आभाळ होतं, सगळीकडं एकसारखं पांढरट, याच्यापेक्षा चांगला टेस्ट चार्ट फुकटात मिळत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा, 70, 100, 135, 200, प्रत्येकावर 2.8, 4, 5.6, 8, आधी हूड नीट लावून, मग काढून, मग मुद्दाम बोटभर फिरवून. फिरवल्यावर 70 ला तेच दोन कोपरे, हुबेहूब. शेजारच्या काकू खालनं, "आभाळाचं काय फोटो काढतोयस, पाऊस पडतोय काय?"

पण त्या टेस्टमध्येच दुसरी जात पण सापडली. हूड काढला तरी 2.8 ला चारही कोपरे मऊसर काळसर. हे मात्र लेन्सचंच, आणि यात बिघाड काही नाही. अपर्चर पूर्ण उघडं असलं की कडेनं तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीच्या काठांना अडतो. लेन्स हातात घेऊन, अपर्चर उघडं ठेवून, उजेडाकडं तिरकी धरून बघा, गोल भोक लिंबाच्या आकाराचं दिसतं. बारीक केलं की परत गोल.

मग हे तरी कधी-कधीच का? कारण मी शटर प्रायॉरिटीवर मारत होतो, म्हणजे शटरचा वेग मी ठरवायचा आणि अपर्चर कॅमेऱ्यानं, 1/1000 आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400 ठेवून निवांत. चारच्या उन्हात कॅमेरा आपोआप f/8, f/9 घ्यायचा, कोपरे गोरेपान. सेकंड हाफला ऊन उतरलं, मैदानावर सावली आली, की तो गुपचूप 2.8 वर जायचा. मधेच ढग आला तर मधेच. शिवाय हिरवळ किंवा आभाळ मागं असेल तरच डोळ्याला दिसतं, मागं गर्दी असली की रंगीबेरंगी शर्टांत कळतसुद्धा नाही. एवढं सगळं जुळून आलं की काळं, नाहीतर नाही.

आता मॅन्युअलवर f/4, 1/1600 आणि ऑटो आयएसओ, म्हणजे उजेड बदलला की कॅमेऱ्यानं फक्त आयएसओ बदलायचा. संध्याकाळी थोडा ग्रेन येतो, येऊ दे. मित्र म्हणतो माझ्या जेपेगमध्ये कधी काळं येत नाही बघ, अरे बाबा तुझा कॅमेरा तुझी लेन्स ओळखून आतल्या आत दुरुस्त करतो, रॉ, म्हणजे दुरुस्ती न केलेली मूळ फाईल, उघड म्हणजे कळंल. आणि हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर पण बंद करून टाकलाय, एवढ्या शटरला त्याचं काम नाही, शिवाय तो आतला काचेचा गट सरकवतो त्यानं बर्स्टमध्ये, म्हणजे सलग धडाधड फोटो मारताना, कोपऱ्यांचा काळेपणा इकडं-तिकडं हलू शकतो.

हूडला आणि लेन्सला बहिणीच्या नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके दिलेत, समोरासमोर आले की बरोबर, प्रत्येक थ्रोइनला एक नजर टाकायची. वरनं इलेक्ट्रिकची काळी टेप. पण उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि मॅचभर बोटं चिकट, चहाचा कप पण हातातनं सुटंना, म्हणून शेवटी नवीन हूडच मागवलाय, दुकानदारानं सांगितलेल्या आकड्यात असले दहा आले असते.