सिंगापूर चेरी, काळी माती आणि बैठकीतली भेग

"ताई, आधी हे झाड काढा. भिंतीचं मग बघू," एवढं बोलून मिस्त्री चहाला टेकले.

मार्च महिना होता. बैठकीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघून छताकडे गेली होती आणि वर जाताना रुंद होत होती. दिवाळीच्या रंगकामात आम्ही तिच्यात लांबी भरली होती. होळीपर्यंत लांबी सुटली आणि भेग पुन्हा नख जाईल एवढी उघडली. त्याच कोपऱ्याबाहेर, भिंतीपासून आठ फुटांवर, आमचं चेरीचं झाड. मिस्त्रींना गुन्हेगार लगेच सापडला.

ही सिंगापूर चेरी. केकवरच्या चेरीशी तिचं काही नातं नाही. शास्त्रीय नाव मुंटिंजिया कॅलाबुरा, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. आमच्याकडे ती कुणी लावली नाही. बुलबुलांच्या कृपेने कंपाउंडच्या कडेला उगवली आणि दहा-बारा वर्षांत पंचवीस फूट झाली. दिवसा गल्लीतली पोरं, रात्री वटवाघळं, असा तिचा संसार. सासूबाई रोज सकाळी खाली पडलेली लाल फळं झाडताना तिला शिव्या घालतात, पण फांदी तोडू देत नाहीत.

भेगेची बातमी पसरली तसे उपाय यायला लागले. मुळाशी ॲसिड ओता. मीठ टाका. समोरच्या काकांनी तर बुंध्याला भोक पाडून हिंग भरायला सांगितलं. दीर इंग्लंडला असतात, त्यांच्या दारात खरी चेरी आहे. ते फोनवर म्हणाले, "वहिनी, थट्टा समजू नका. इथे घराचा विमा घेताना जवळच्या झाडांची चौकशी करतात." 1976 च्या दुष्काळात तिकडे चिकणमातीवरची असंख्य घरं खचली आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली, हेही त्यांनी सांगितलं. मला रात्री झोप लागली नाही.

शेवटी माहेरच्या ओळखीतले एक काका आले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, "खाली माती कुठली?"

आमचं घर नाशिकला, मखमलाबाद रस्त्याच्या बाजूला आहे. सासऱ्यांनी 1996 साली बांधलं तेव्हा आजूबाजूला मळे होते. म्हणजे काळी माती, शेतकऱ्याला सोनं आणि घर बांधणाऱ्याला डोकेदुखी. या मातीतल्या चिकणकणांना पाणी मिळालं की ती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेच घराखाली चालतं. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यायचा असतो. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर तळ असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी ती पद्धत बसवली.

"झाडाचं मूळ धडधाकट पाया फोडत नाही," काका म्हणाले. "ते पाणी पितं. पायाखालची माती एका बाजूने कोरडी झाली की तेवढा कोपरा खाली बसतो. आणि झाड एकदम कापलंत तर तीच माती पुन्हा पाणी पिऊन फुगेल आणि कोपरा वर उचलेल. मग मला दुसरी भेग बघायला बोलवाल."

त्यांनी वर्षभर मापं घ्यायला सांगितली. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला. आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत, त्यामुळे घरात व्हर्निअर कॅलिपर होताच. दर रविवारी खिळ्यांमधलं अंतर मोजून कॅलेंडरवर लिहायचं. मार्चमध्ये 41.2 मिलिमीटर. मेअखेर 43.1. ऑगस्टच्या मध्यावर 41.0. भेग उन्हाळ्यात उघडत होती आणि पावसाळ्यात मिटत होती. काका खूश झाले, मी नाही. पण त्यांचं म्हणणं असं की नुसती वाढत जाणारी भेग जास्त वाईट, ही निदान ऋतू बघून वागते आहे.

मे महिन्यातच त्यांनी कोपऱ्यालगत खड्डा घ्यायला लावला होता. दोन गडी, पहार, फावडं. वाळलेली काळी माती दगडासारखी, पाच फुटांना दोन दिवस गेले. आमचा दगडी पाया साडेतीन फुटांवर संपत होता. त्याखालीही काळी मातीच, मुरूम पाच फुटांच्या आसपास. सासरे गेले, मिस्त्री कोण होता ते कुणाला आठवत नाही, भांडायला माणूसच उरला नाही.

मुळं होती, पण पेन्सिलीएवढी. बहुतेक वरच्या दोन-अडीच फुटांत, दगडांच्या सांध्यांतून वाट काढत गेलेली. मनगटाएवढं एकच मूळ दिसलं, ते कंपाउंडच्या दिशेने गेलेलं. अंगणातल्या फरश्या उचलल्या गेल्या होत्या त्या त्याच्यामुळे. हलकी वस्तू मूळ उचलतं, घराचं वजन त्याला पेलत नाही.

खरा शोध लागला तो खड्ड्याच्या डाव्या बाजूला. तिथली माती चिखल होती, भर मे महिन्यात. मोरीकडून चेंबरला जाणारी चिनीमातीची जुनी पाइप सांध्यात फुटलेली. गड्याने तो तुकडा उचलला तर आतून घोड्याच्या शेपटीसारखा केसाळ मुळांचा झुबका बाहेर आला. पाइप चेरीने फोडली की फुटक्या सांध्याचा ओलावा शोधत ती आली? काकांच्या मते दुसरं. पण एकदा आत शिरल्यावर सांधा तिनेच मोठा केला असणार. एकंदरीत कोपऱ्याच्या एका अंगाला माती कोरडी ठणठणीत, दुसऱ्या अंगाला बारमाही ओली. भिंत बिचारी मधे.

आता झाडाला हात लावायला महापालिकेची परवानगी. आपल्याकडे शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात 'झाड तोडणे' म्हणजे नुसतं कापणं नाही. जाळणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात धरलंय. हिंगवाल्या काकांना मी हे मुद्दाम वाचून दाखवलं. आपल्या अंगणातलं आहे म्हणून सूट नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष धरतात. आमची चेरी त्यातली नव्हे, तरी अर्ज चुकत नाही. छाटणी आणि भिंतीकडची बारीक मुळं तोडणं, एवढंच मागितलं. सोबत घरपट्टीची पावती, झाडाचे आणि खड्ड्याचे फोटो, काकांचं सहीचं पत्र. पाहणीला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण काढायचं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैलावला. तरी कागद हातात यायला सात आठवडे गेले.

पाइप मात्र आम्ही त्यासाठी थांबवली नाही, लगेच बदलली. पीव्हीसी, रबरी रिंगच्या सांध्यांची. चेंबरला आतून प्लास्टर. गच्चीचं पाणी कोपऱ्यात पडायचं, ते पाइप वाढवून दूर नेलं. भिंतीभोवती चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करायचा होता. मी म्हणाले, उन्हाळ्यातच उरकून टाकू. काकांनी हात जोडले. माती पूर्ण वाळलेली असताना वरून झाकली तर नंतर ओल शिरल्यावर ती खालून फुगून कोब्यासकट सगळं उचलते. म्हणून पाऊस सरून माती ना ओली ना कोरडी अशी झाली तेव्हा, दिवाळीनंतर, कोबा घातला. त्याच वेळी झाड आणि भिंत यांच्यामध्ये साडेतीन फूट खोल चर खणून जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरला. त्या बाजूची बारीक मुळं सफाईने कापली, मनगटाएवढ्याला हात लावला नाही. ते कापलं असतं तर पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात झाड आमच्याच छतावर आलं असतं. शेंडा पंधरा फुटांवर आणला. चेरी भराभर वाढते, त्यामुळे छाटणी दरवर्षी लागणार, आणि दरवर्षी अर्जही.

सगळं मिळून अडतीस हजार गेले. झाड काढण्याचा आणि भिंत लिंपण्याचा मिस्त्रींचा अंदाज बारा हजारांचा होता, ते त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

भेग अजून बुजवलेली नाही. नव्या व्यवस्थेवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग सळ्या घालून टाके मारू, असं काकांनी बजावलंय. या मेअखेरचं माप 41.6 आलं. सासूबाईंनी भेगेवर गणपतीचं कॅलेंडर टांगलंय, त्यामुळे आता दर रविवारी आधी कॅलेंडर काढून ठेवायचं आणि मग कॅलिपर लावायचा.