एका विजेच्या दोन रेघा : इंदूरच्या पावसाळी नोंदी

१ जून

गेल्या वर्षी ठरवलं होतं की पुढच्या पावसाळ्यात विजेची नोंद नीट ठेवायची. सुरुवात झाली. सामान फारसं नाही: सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर, एक कॉलर माईक आणि मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप. लॅपटॉपचं माईकचं भोक एकच चॅनल घेतं, हे माईक विकत घेऊन बसल्यावर कळलं, म्हणून जेल रोडवरून स्टिरिओ घेणारं यूएसबी साऊंड कार्ड आणलं. ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी. डायलवर ६४८ किलोहर्ट्झच्या जागी सासऱ्यांनी पेनाने केलेली खूण अजून आहे. ते आकाशवाणीचं इंदूर केंद्र. ती सोडून काटा जरा बाजूला नेला. त्याच्या इयरफोनची वायर डाव्या चॅनलला, माईक उजव्या. ऑडॅसिटीत (आवाज नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन रेघा एकाखाली एक धावतात.

वीज चमकली की तिच्या रेडिओलहरींची खरखर ट्रान्झिस्टर पकडतो, म्हणून वरच्या रेघेवर टोक उठायला हवं, आणि काही सेकंदांनी गडगडाटाने खालची रेघ थरथरायला हवी. मधला वेळ मोजायचा, आवाजाच्या वेगाने गुणायचं, अंतर हातात.

४ जून

वरची रेघ रात्री दहापासून पहाटेपर्यंत झाडूसारखी. ढग नाही, वीज नाही. दोन दिवस साऊंड कार्डला शिव्या घातल्या, केबल बदलली, घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद केले. शेवटी ट्रान्झिस्टर हातात घेऊन लोकमान्यनगरच्या गल्लीत फिरले. त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते. ती खरखरीच्या उगमाकडे टोक करून धरली की खरखर मरते, आडवी फिरवली की पुन्हा उठते. त्या टोकाच्या मागे गेले आणि तिसऱ्या घराच्या फाटकात बॅटरी-रिक्षाचा चार्जर सापडला. शेजारी म्हणाले, “भाभीजी, इससे बादल का क्या लेना-देना?” काही नाही, म्हटलं, पण थोडा वेळ उशिरा लावाल का? लावतात बिचारे.

यातली एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. माझा माईक मी कसाही फिरवला तरी गडगडाट तेवढाच येतो. हवेतला आवाज हा अनुतरंग: हवा पुढे-मागे दाबली जाते, जाण्याच्या दिशेतच. त्याला आडवं-उभं काही नसतंच. रेडिओलहरीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र जाण्याच्या दिशेला आडवे डोलतात, म्हणून कांडी कशी धरली याने फरक पडतो. ट्रान्झिस्टर उभा करून कांडी आकाशाकडे केली तर ६४८ सुद्धा जवळजवळ गायब होतं. करून पाहा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. (यांत्रिक, म्हणजे माध्यम हलवत जाणाऱ्या, लहरी सगळ्याच अशा नसतात. सतारीची तार आडवी हलते, भूकंपाच्या दुय्यम, म्हणजे मागून पोचणाऱ्या, लहरी खडकाला आडवं हलवतात. हवा मात्र आडव्या ओढीला साथ देत नाही.)

९ जून

पहिलं खरं वादळ. संध्याकाळी सव्वासहा, तापमान २६ अंश. आवाजाचा वेग सेकंदाला ३३१ मीटर अधिक दर अंशाला ०.६ मीटर, म्हणजे ३४७ धरला. सगळ्यात छान नोंद अशी: वरच्या रेघेवर टोक, आणि ११.४ सेकंदांनी खालची रेघ फुटली. जवळजवळ ४ किलोमीटर.

पण मी बराच वेळ त्या एका विजेवरच अडकले. मोठं करून पाहिलं तर वर एक टोक नव्हतं, चार होती, एकमेकांपासून साधारण ५० मिलिसेकंदांवर. एकाच वाटेने वीज चारदा धावली होती. डोळ्याला ती नुसती लुकलुकल्यासारखी दिसते. खाली मात्र चार धक्क्यांचा मागमूस नाही. तिथे १४ सेकंदांची एक लांबलचक गुरगुर. कारण वीज एका ठिकाणी नसते, किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेली असते. तिचं जवळचं टोक आधी ऐकू येतं, लांबचं उशिरा. १४ गुणिले ३४७ म्हणजे ४.९ किलोमीटर, जवळचं आणि लांबचं टोक यांत निदान एवढा फरक. रेडिओलहर तेवढं अंतर १६ मायक्रोसेकंदात कापते, माझं साऊंड कार्ड एका मोजमापाला (नमुन्याला) घेतं त्याहूनही कमी वेळात. म्हणून वरची रेघ विजेच्या वेळा सांगते आणि खालची तिची लांबी.

पोपोव्ह या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये रशियात नेमकं हेच केलं होतं, वरची रेघ तेवढी. धातूच्या भुशाच्या नळीला घंटा जोडली. दूर वीज पडली की तिच्या रेडिओलहरीने भुसा चिकटून घंटा वाजायची आणि तिचाच ठोका नळीला बसून भुसा पुन्हा सैल व्हायचा. रेडिओवर बोलणं येण्याआधी रेडिओवर वीज आली.

१० जून

मुलगा पोहे खाता खाता रेघा बघत होता. म्हणाला, “आई, दोन्ही आवाजच ना?” त्याच्या अकरावीच्या वहीत यांत्रिक आणि विद्युतचुंबकीय लहरींच्या फरकाचा तक्ता आहे, दोन रकाने, सगळा पाठ. माध्यम लागतं, माध्यम लागत नाही. पण समोर दोन रेघा पाहिल्यावर त्याला काही वेगळं दिसेना, आणि खरं सांगायचं तर रेघांत ते दिसतही नाही. साऊंड कार्डला दोन्हीकडून व्होल्टच येतात. फरक आहे तो वायरीच्या पलीकडे.

सासूबाईंनी खरा प्रश्न विचारला: “आवाजात हवा हलते म्हणतेस. मग त्या दुसऱ्यात काय हलतं गं?” एकोणिसाव्या शतकात जगातले मोठमोठे लोक याच प्रश्नावर अडले होते. काहीतरी हलतच असणार, म्हणून त्यांनी ईथर नावाचं माध्यम धरून ठेवलं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी पृथ्वीच्या धावेमुळे लागणारा ईथरचा वारा मोजायला घेतला, आणि वारा सापडला नाही. मी सासूबाईंना सांगितलं, वस्तू काही हलत नाही. बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र उभं करतं, ते पुन्हा विद्युत, असं रिकाम्या जागेतही चालतं. “हं,” म्हणाल्या. पटलेलं दिसलं नाही. मग गुरूची गोष्ट सांगितली: १९७९ मध्ये व्हॉयेजर १ यान गुरूजवळून गेलं तेव्हा तिथल्या विजांची रेडिओ-शीळ त्याने टिपली. तिथला गडगडाट गुरूच्या वातावरणातच संपला, बाहेर यायला हवाच नव्हती. हे पटलं.

२२ जून

एका तासात वरच्या रेघेवर ६१२ टोकं, खाली ९ गडगडाट. पहिल्यांदा वाटलं चार्जर परत आला. नाही. गडगडाट वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे सहसा ऐकूच येत नाही. वर हवा थंड, थंड हवेत आवाज मंद, म्हणून तो वाकत वाकत डोक्यावरून निघून जातो. खरखर मात्र जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधून शेकडो किलोमीटर येते. ९ आपल्या माळव्याच्या, बाकी कुठकुठच्या.

एक इशारा, कारण या छंदात लोक उत्साहात विसरतात: अंतर ३० सेकंदांच्या खाली आलं, म्हणजे साधारण १० किलोमीटर, की गच्चीवरून खाली. नोंद जाऊ दे.

१३ जुलै

आता पुढची पायरी, आणि माझ्या मते यंदाची सगळ्यात भारी. विजेच्या रेडिओलहरींचा जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजाच्याच पट्ट्यात! मग ट्रान्झिस्टर कशाला? अँटेना म्हणून मीटरभर लांबीची काडी, एक बीएफडब्ल्यू १० एफईटी (क्षीण संकेत साऊंड कार्डापर्यंत पोचवणारा छोटा भाग), १० मेगाओहमचा रोध, ९ व्होल्टची बॅटरी, आणि थेट साऊंड कार्डात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर २४ किलोहर्ट्झपर्यंत सगळं दिसतं.

पट्टा तोच असूनही कान हे ऐकत नाही, याचं मला स्वतःला आश्चर्य वाटत राहतं. ५ किलोहर्ट्झचा आवाज: तरंगलांबी ७ सेंटिमीटर. ५ किलोहर्ट्झची रेडिओलहर: ६० किलोमीटर, म्हणजे इथून जवळजवळ देवासला जाऊन परत यायचा पल्ला, आणि तो एका लहरीत. कानाचा पडदा हवेच्या दाबाने हलतो. विद्युत क्षेत्र त्याला ढकलत नाही.

शहरात हे चालत नाही. घरगुती विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा घुमणारा सूर आणि त्याच्या पटी सगळं गिळतात. काल रात्री गाडीने चोरलच्या बाजूला गेलो, तारांपासून लांब एका शेताच्या कडेला. हे सगळं बसवलेला डबा चालू केला आणि कानात तळणीत मोहरी तडतडावी तसा आवाज.

स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या वेळी कोणती वारंवारता आहे हे दाखवणाऱ्या चित्रात) १८.२ किलोहर्ट्झवर एक सरळ रेघ दिसली. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन आहे, पाणबुड्यांना संदेश देणारं, ती रेघ त्याची. समुद्रात आमच्या दोन रेघांचं नशीब उलटं होतं. खाऱ्या पाण्यात रेडिओ फार लवकर विझतो. एवढ्या कमी वारंवारतेचाच काय तो थोडे मीटर खाली पोचतो. आवाज तिथे सेकंदाला दीड किलोमीटरने धावतो आणि लांबवर जातो. पाणबुडी बघते ती आवाजाने.

९ ऑगस्ट

टिव सापडले! रात्री साडेअकरा, चोरल, ढग विरळ. तडतडीच्या मधून मधून “टिव… टिव”, कोणीतरी ताणलेल्या तारेवर टिचकी मारावी तसे. इंग्रजी नाव ट्वीक. दूरच्या विजेची खरखर जमीन आणि आयनांबर यांच्यात नागमोडी येते. वरचे सूर जवळपास सरळ, म्हणून लवकर. खालचे सूर जास्त उभ्या उड्या मारत, म्हणून मागे पडतात. एका मर्यादेखाली तर ही नागमोडी वाट बंदच. ती मर्यादा स्पेक्ट्रोग्रामवर हुकासारखी वळलेली दिसते: १.७२ किलोहर्ट्झ. प्रकाशाचा वेग भागिले तिच्या दुप्पट, उत्तर ८७ किलोमीटर. दुचाकीच्या डिकीत मावणाऱ्या डब्याने मी आयनांबराची रात्रीची उंची मोजली. घरी येऊन सासूबाईंना उठवणार होते, मुलाने आवरलं.

गंमत ही की गडगडाटही वाटेत सूर हरवतो, पण वेगळ्या तऱ्हेने. जवळची वीज कडाडते, लांबची घुमते, कारण हवा वरचे सूर खाऊन टाकते. ट्वीकमध्ये खालचे सूर खाल्ले जात नाहीत, ते उशिरा येतात. दोन्ही स्पेक्ट्रोग्राम शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

दिवसा टिव ऐकू येत नाहीत. आयनांबराचा खालचा थर उन्हात लहरी शोषून घेतो. विजेच्या रेडिओलहरींची लांब शिट्टी (गुरूजवळच्या त्या शीळेसारखी) अजून एकही मिळालेली नाही. अशा शिट्ट्या पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांवरून अवकाशातून येतात आणि आपल्या एवढ्या कमी अक्षांशावर दुर्मिळच. हिवाळ्यात पहाटे बसून पाहणार.

गणेशचतुर्थी

कोपऱ्यावर मांडव. ढोल-ताशाने खालची रेघ काठोकाठ भरली, खिडकीच्या काचा थरथरतायत, पण वरच्या रेघेवर ढोलाचा एक ठिपका नाही. तिथे मांडवावरच्या दिव्यांच्या माळांची खरखर आहे, सगळ्या रंगांत एकदम. दोन्ही रेघा अनंत चतुर्दशीपर्यंत बंद. तोवर ट्वीकच्या फायली मोजून ठेवते. ४३ आहेत, ११ झाल्या.