मधला माणूस

रविवार, रात्र

बँकेवर माझं फार प्रेम आहे अशातला भाग नाही. शाखेतलं पासबुक भरायचं मशीन चालू दिसलं तर पेढे वाटावेत अशी गत. तरी दुपारी भाचा श्रीखंड चापत म्हणाला, "मामी, एफडी मोडा नि बिटकॉइन घ्या, मधे बँक हवीच कशाला?" आणि मी बँकेची वकिली करत बसले. सयाजीरावांनी १९०८ मध्ये बँक काढली त्या बडोद्याचं पाणी, दुसरं काय! (आमचं खातं दुसऱ्याच बँकेत आहे, ते सोडा.)

त्याच्या आईचंच उदाहरण दिलं. गेल्या वर्षी वन्संच्या कार्डावर भलत्यानेच अठरा हजारांची खरेदी केली. मेसेज पाहताच त्यांनी कार्ड बंद करवलं, लेखी तक्रार दिली. साहेब आधी टोलवत होते. मग रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक पुढे ठेवलं: चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड नाही, कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात जमा करायची. पैसे आले. ओटीपी स्वतःहून सांगितला असता तर कळवेपर्यंतचं नुकसान त्यांच्याच माथी, आणि ते मला रास्त वाटतं.

बिटकॉइनमध्ये पैसे असे मागे फिरवायची वाटच ठेवलेली नाही. २००८ च्या मूळ निबंधात त्याचं कारणही आहे: व्यवहार उलटवता आला नाही की विक्रेता फसत नाही. आणि खरेदीदार? त्याच्यासाठी रक्कम त्रयस्थाकडे ठेवायची सोय करता येईल म्हणे. म्हणजे मधला माणूस आलाच की परत! यावर भाच्याने फक्त पुरी मागितली.

रोखीचं म्हणाल तर मंगळ बाजारात पाकीट मारलं की गेलं. पण जन्माची पुंजी खिशात घेऊन कोण फिरतं? शिवाय रोखीने घेतलेला मिक्सर बिघडला तरी पावती दाखवून ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

बँका बुडतात हे त्याचं म्हणणं खरंच आहे. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढायची मुभा होती. पुढच्या वर्षी ठेवींचा विमा दर बँकेमागे एक लाखावरून पाच लाखांवर गेला; म्हणून तर आमच्या ठेवी दोन बँकांत आहेत. उलट जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं, तेव्हा पैसे काढणं बंद झालं आणि इथले ग्राहक सिंगापूरच्या कोर्टाकडे डोळे लावून बसले. ठेव विमा नाही, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही. सरकार मात्र २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर घेतं, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजासुद्धा करू देत नाही.

पगार त्याचा, घेऊ दे त्याला. जाताना एवढंच विचारलं की बिटकॉइनचं वॉलेट, म्हणजे त्याची डिजिटल तिजोरी, उघडायचे ते बारा शब्द घरात आणखी कुणाला ठाऊक आहेत. कुणालाच नाहीत. म्हणजे नॉमिनी नसल्यातच जमा! त्यावरून आठवलं, आमच्या एका पावतीवर अजून सासूबाईंचंच नाव आहे. उद्या शाखेत जायला हवं.