क्लचचे पेडल शेवटपर्यंत दाबूनही रिव्हर्स गिअर का करकरतो?

ज्यांच्या पिकअपमध्ये मूळ इंजिन काढून दुसरे बसवलेले असते, ते मला बहुतेकदा एकच प्रश्न विचारतात. क्लचचा नवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा) बसवला, नवा स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाच्या जोरावर क्लच सोडवणारा) बसवला, तेलातली हवा काढून काढून हात दुखले, तरी इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकला की गिअर करकरतोच. आता आणखी काय बदलावे? माझे उत्तर दर वेळी तेच असते आणि सुरुवातीला ते फारसे कोणाला पटत नाही: आणखी काहीही बदलू नका, आधी मोजा.

कारखान्यातून आलेल्या गाडीत क्लचचे पेडल, मास्टर, स्लेव्ह, फोर्क (स्लेव्हच्या दांड्याने हलणारा काटा) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) हे सगळे एकमेकांचे माप लक्षात घेऊन ठरवलेले असतात. इंजिन बदलले की पेडल आणि मास्टर जुन्या गाडीचे राहतात, गिअरबॉक्स आणि स्लेव्ह नव्या इंजिनाबरोबर येतात आणि प्रेशर प्लेट अनेकदा तिसऱ्याच गाडीची असते. यातला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतो आणि तरीही क्लच पूर्ण सुटत नाही, कारण मास्टर जेवढे तेल ढकलतो तेवढ्याने स्लेव्हचा दांडा पुरेसा सरकतच नाही. अशा ठिकाणी तसाच दुसरा मास्टर आणून बसवला तर तोही तेवढेच तेल ढकलणार, हे उघड आहे.

हा हिशेब कोणालाही करता येतो. समजा, मास्टरचा बोअर (आतला व्यास) ५/८ इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिलिमीटर आहे. त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ १९८ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरते. पिस्टन ३० मिलिमीटर सरकला तर सुमारे ५.९ मिलिलिटर तेल बाहेर पडते. स्लेव्हचा बोअर ७/८ इंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३८८ चौरस मिलिमीटर, म्हणजे त्याचा दांडा जेमतेम १५ मिलिमीटर बाहेर येणार. आणि फोर्कचे गुणोत्तर दोनास एक धरले तर रिलीज बेअरिंगच्या (फोर्क पुढे ढकलतो ते, प्रेशर प्लेटची बोटे दाबणारे बेअरिंग) वाट्याला साडेसात मिलिमीटर उरतात. बहुतेक डायफ्रॅम क्लचना (ज्यांच्या प्रेशर प्लेटमध्ये बोटांसारखे फाटे असलेली चपटी स्प्रिंग असते) मोकळी चाल धरून ८ ते १० मिलिमीटर लागतात, म्हणजे अपयश कागदावरच दिसते. आता मास्टर ३/४ इंचाचा घेतला तर क्षेत्रफळ २८५ चौरस मिलिमीटर होते, तेल साडेआठ मिलिलिटर जाते, दांडा २२ मिलिमीटर सरकतो आणि बेअरिंगला ११ मिलिमीटर मिळतात. याची किंमत पायाला मोजावी लागते, कारण पेडल सुमारे ४४ टक्के जड होते. शिवाय चाल गरजेपेक्षा जास्त झाली तर डायफ्रॅमची बोटे आत दबून क्लच प्लेटवर घासू शकतात, म्हणून पेडलखाली अडथळ्याचा बोल्ट लावून चाल बेतणे मी आवश्यक समजतो.

प्रत्यक्ष मोजणी अशी करावी. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असेल, तर गाडी भक्कम स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, एकाला पेडलवर बसवावे आणि आपण खाली जाऊन स्लेव्हच्या दांड्याला व्हर्निअर लावावा. पेडल सावकाश तळापर्यंत दाबायला सांगून दांडा किती सरकला ते लिहून घ्यावे. मग पेडल तसेच मिनिटभर धरून ठेवायला सांगावे आणि दांडा हळूहळू मागे येतो का ते पाहावे. बाहेर कुठे गळती नसताना दांडा मागे येत असेल, तर मास्टरच्या आतल्या सीलवरून तेल परतते आहे. त्यानंतर बॉनेट उघडून मास्टर जिथे फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) बसवला आहे तिथे बोट टेकवावे आणि पेडल पुन्हा दाबायला लावावे. जुन्या पिकअपचा पत्रा, विशेषतः पूर्वी केबलचा क्लच असलेल्या गाडीचा, या जोरासाठी घडवलेलाच नसतो आणि तो बोटाखाली दोन-तीन मिलिमीटर वाकलेला स्पष्ट जाणवतो. तेवढी चाल पिस्टनपर्यंत पोहोचतच नाही. आतून जाड पट्टी लावून मास्टरचा आधार पक्का केल्यावर बऱ्या झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या मालकांनी त्याआधी मास्टर दोनदा बदललेला होता.

मोजलेली चाल हिशेबापेक्षा कमी भरली आणि पेडल दोन-तीनदा झपाट्याने मारल्यावर सुधारली, तर पहिला संशय हवेचा. नव्या गिअरबॉक्सवर स्लेव्ह कधी उलटा बसतो आणि हवा काढायचा निपल खाली जातो. मग वरच्या टोकाला अडकलेला बुडबुडा कितीही पंप मारले तरी निघत नाही. स्लेव्ह सोडवून, त्याचा पिस्टन क्लॅम्पने आत दाबून धरून, निपल वर करून हवा काढली की काम होते. नळी मध्येच उंच कमान करून नेली असेल तर तिथेही हवा साचते. अशा वेळी स्लेव्हच्या निपलमधून मोठ्या सिरिंजने तेल खालून वर चढवणे मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण हवेला वरच जायचे असते. मास्टरबद्दल शंका उरली तर त्याची नळी काढून तोंडाला योग्य आट्यांचा प्लग लावावा. हवा काढलेला, धडधाकट मास्टर असेल तर पेडल दगडासारखे घट्ट लागते.

चाल पुरेशी आहे, तरी गिअर करकरतो, अशी गाडी असेल तर हायड्रॉलिक भागांना हात लावू नये; दोष गिअरबॉक्स उतरवल्यावरच दिसेल अशा जागी आहे. क्रँकशाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग चुकीच्या मापाचे किंवा घट्ट असेल, तर क्लच प्लेट सुटली तरी इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) इंजिनाबरोबर फिरत राहतो आणि पेडल कितीही खोल दाबले तरी फरक पडत नाही. क्लच प्लेट उलटी बसलेली असणे, किंवा फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटची एकत्रित उंची न जुळल्याने फोर्क तिरका राहणे, हीदेखील नेहमीची कारणे आहेत. गिअरबॉक्स उतरवणे कोणालाच नको असते, पण चालीचा आकडा हातात असला की निदान तो उगाच उतरवला जात नाही.

काहींची तक्रार याच्या उलट असते: गाडी गरम झाली की क्लच घसरू लागतो. मास्टरच्या पुशरॉडला (पेडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याला) मिलिमीटरभर मोकळी चाल नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, मास्टरच्या तेलाच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र बंद राहते आणि तापून फुगलेल्या तेलाला परतायला वाट मिळत नाही. ते तेल रिलीज बेअरिंगलाच ढकलत राहते. ड्रम ब्रेकचा मास्टर क्लचसाठी वापरला असेल, तर त्यातला दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्हही तेच करतो आणि तो काढूनच टाकावा लागतो.

गरम झाल्यावर तेल उकळून पेडल पोकळ होत असेल, तर नळी एक्झॉस्टच्या किती जवळून गेली आहे ते पाहावे. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक-क्लच तेलाचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. नव्या इंजिनाचा एक्झॉस्ट नेमका स्लेव्हच्या बाजूने खाली उतरत असेल, तर नळीचा मार्ग बदलावा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा घालावा. नुसते तेल बदलल्याने चार दिवस बरे वाटते, एवढेच.