पॅराडिसोमधली संध्याकाळ

अ‍ॅमस्टरडॅमला गेल्यावर पॅराडिसो, म्हणजे तिथलं गाण्याच्या कार्यक्रमांचं सभागृह, बघायचंच हे आधीच ठरलेलं. बाहेरून चर्चच वाटतं आणि होतंही ते, १८८० च्या आसपासचं, मोकळ्या विचारांच्या एका धार्मिक मंडळींचं. १९६७ ला हिप्पी पोरांनी ते ताब्यात घेतलं, पोलिसांनी लगेच बाहेर काढलं, पण पुढच्याच वर्षी शहरानेच ते तरुणांसाठी उघडून दिलं, मला हे फार आवडलं.

आत दोन मजली बाल्कन्या, आणि स्टेजच्या मागे त्या उंच कमानीच्या खिडक्या!! आम्ही वरच्या बाल्कनीत कठड्याला टेकून उभे होतो, ड्रम सुरू झाले आणि आवाज छताकडे असा चढत गेला की अंगावर काटाच आला, बराच वेळ मी गाणं सोडून त्या खिडक्यांकडेच बघत होते.