रिकामी खाच

स्मरणिकेसाठी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी एका जुन्या तुळईला पॉलिश पेपर मारत बसलो होतो. अमूर्त चित्रं आणि लाकडाची शिल्पं हा माझा उद्योग. आपल्या बॅचच्या ग्रुपवर त्याला ‘याचं ते रिकामं काम’ म्हणतात. तक्रार नाही, शब्द अगदी बरोबर आहे.

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं. आबा सुतार, पण खाटा-कपाटांचे नव्हे, वाड्यांचे. कुणाच्या वाड्यातला खांब बुडाशी कुजला की आबांना बोलावणं यायचं. टेकू लावून ते वरचा भार पेलून धरत, कुजकं कापून काढत आणि आलापल्लीच्या सागाचा तुकडा असा बसवत की सांध्यावरून बोट फिरवलं तरी कळायचं नाही. सुट्टीत मी सोबत. काम दोनच: ओळंबा धरायचा आणि चहा आणायचा. जोतं, कडीपाट, केळफूल, महिरप हे शब्द मला बाराखडीसोबतच आले.

शाळेत चित्रकलेच्या सरांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवलं. (सरांचं नाव लिहीत नाही. ‘माझं नाव छापशील तर बघ,’ असं त्यांनीच बजावलंय.) घन भूमितीला सगळे घाबरायचे. मला ती घरची वाटे, कारण आबा फरशीवर कोळशानं वेगळं काय काढत होते? घोडं अडलं ते स्मरणचित्रात. विषय होता पोळा. मी दोन खांब काढले, वर आंब्याचं तोरण, खाली मोकळं मैदान. सर मागे येऊन उभे राहिले.

‘काय बे, बैल कुठी गेले?’

‘पोळा फुटला नं सर.’

वर्ग हसला, सरही हसले. मग खाली वाकून हळूच म्हणाले, ‘परीक्षेत बैल काढ. परीक्षा झाली की असंच काढत जा.’ मी परीक्षेत चार बैल काढले. चारही म्हशींसारखे दिसत होते.

दहावीच्या वर्षी, 1988 साली, ज्या वाड्यात आबांनी अर्धं आयुष्य डागडुजी केली तो पाडला. लाकूड वखारवाल्याच्या ट्रकमध्ये चाललं होतं, त्यातला एक खांब आबांनी मागून घेतला. अंगणात आडवा पडलेला तो खांब बघवेना. तुळईचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, निघून गेलेलं, माथ्याला खाच तेवढी उरलेली. मी त्याचं चित्र काढून सरांकडे नेलं. नक्षी, केळफूल, सगळं होतं त्यात. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि कागद परत दिला. ‘खांब नको काढू, खाच काढ.’

तीन आठवडे मी खाच काढत होतो. रिकामी जागा काढायची म्हणजे तिच्या कडा काढायच्या, आत उतरणारी सावली काढायची, आणि तिथे काय बसत होतं ते मुळीच काढायचं नाही. आबांनी शेवटचा कागद पाहिला आणि बोट टेकवून एवढंच म्हणाले, ‘हे दोन सूत खोल पाहिजे.’ खरंच कमी पडली होती.

त्याच काळात सायकलनं दीक्षाभूमीकडे जात असे. स्तूपाचं काम चालू होतं. त्याचं लोकार्पण पुढे 2001 साली झालं. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ. आत उभं राहिलं की वरचा घुमट आपल्याला खाचेसारखा धरून ठेवतो.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली याच नागपुरात जन्मले आणि बिंदूची चित्रं काढणारे सय्यद हैदर रझा इथल्याच चित्रकला शाळेत शिकले, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मास्तरांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे बघत बसायला लावलं, असं रझा सांगत. मला सरांनी खाच दिली. प्रदर्शनात कुणी ‘हे काय आहे?’ विचारलं की मी खाच म्हणूनच सांगतो. काही लोक वाकून आत बघतात. ते मला आवडतात.

जाता जाता एक विनंती. जुन्या इमारतीच्या सागवानी चौकटी काढून मागच्या शेडमध्ये टाकल्यात, असं ऐकलं. भंगारात देऊ नका. चित्रकलेच्या वर्गाची तेवढी मला हवी. टेम्पो मी घेऊन येतो.